बिलिंग सॉफ्टवेअर आणि ऑर्डरचे अ‍ॅप आल्यापासून खरेदीचं गणित हाताबाहेर चाललंय, कोणी अनुभवी सांगेल का? (इंदूर)

सुदामानगर_किराणा

नमस्कार मंडळी, दिवाळी आटोपली, आता जरा श्वास घ्यायला वेळ मिळालाय म्हणून लिहितोय. आमचं सुदामा नगरात किराणा आणि जनरल सामानाचं दुकान आहे, बाबांनी सुरू केलेलं. बाबांची पद्धत म्हणजे एक लांबडी डायरी, त्यात रोजचं काय संपलं ते पेन्सिलीनं लिहायचं, आठवड्यातून दोनदा सियागंजच्या होलसेल बाजारात जाऊन सुका माल स्वतः हातात घेऊन बघून आणायचा, आणि कंपनीच्या मालासाठी ठरलेल्या वारी ठरलेला सेल्समन यायचा. दोन वर्षांपूर्वी मी कॉम्प्युटर, स्कॅनर, बिलिंग सॉफ्टवेअर घेतलं. मग मोबाईलवर कंपन्यांचे ऑर्डर अ‍ॅप आले, होलसेलवाल्यांचे अ‍ॅप आले, रात्री अकरा वाजता दुकान बंद करून पलंगावर बसून ऑर्डर टाकली की परवा माल दारात. पहिले सहा महिने मला वाटलं आपण जिंकलो.

आता काय होतंय ते सांगतो. स्क्रीन म्हणते साबणाचे १४ नग आहेत, रॅकवर मोजले तर ९. सॉफ्टवेअरमध्ये एक सोय आहे की मागच्या वर्षीच्या त्याच आठवड्याची विक्री बघून ते खरेदीची यादी स्वतःच बनवतं आणि मी ती सोय चालू करून व्यापाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर आपोआप जाईल असं करून ठेवलं होतं. २०२४ला गणपती ७ सप्टेंबरला बसले होते, यंदा म्हणजे २०२५ला २७ ऑगस्टला. मग काय, ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात गूळ, खोबरं, तांदळाची पिठी, कापूर सगळं दोन दिवसांत संपलं, गिऱ्हाईक परत गेलं, आणि ६ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीला, तिकडे राजवाड्याकडे झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले देखावे, निघायची तयारी चाललेली आणि इकडे आमच्या दुकानात खोबऱ्याची गोणी उतरत होती. दुसऱ्या दिवसापासून पितृपक्ष. बाबा काही ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले की यंत्राला ह्या कॉलनीतले उपास कुठून कळणार. मला ते फार लागलं.

त्यात २२ सप्टेंबरला जीएसटीचे दर बदलले, साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं १८ वरून ५ टक्क्यांवर, तूप आणि नमकीन १२ वरून ५. त्याआधी तीन आठवडे मी खरेदी थांबवली की जुन्या दराचा माल अंगावर पडू नये, पण आपोआप ऑर्डर बंद करायचं एका कंपनीच्या मालाचं राहून गेलं आणि २० पेट्या येऊन पडल्या.

माझा प्रश्न असा की ह्या सिस्टीमवर खरेदी किती सोपवायची? आपोआप ऑर्डर ठेवू का बंद करू? आणि अ‍ॅप का सियागंज का सेल्समन, ह्याचा हिशेब तुम्ही लोक कसा करता? बाबांच्या डायरीकडे परत जायचं मन होतंय पण आठशेच्या वर वस्तू आहेत, एकट्याच्या डोक्यात मावत नाही आता.

---

हिशेबनीस_मल्हारगंज

दुकानदार भाऊ, मी बरीच वर्षं छोट्या दुकानांचे हिशेब सांभाळतो. आधी १४ आणि ९ चं बघू, कारण ते सुटल्याशिवाय बाकीचं सगळं वाया आहे. ऑर्डरची यादी स्टॉकवरून बनते, स्टॉकच खोटा असेल तर यादी खरी कुठून येणार.

माझ्या अनुभवात हा फरक बहुतेक वेळा चोरीचा नसतो, खरेदीच्या एन्ट्रीचा असतो. माल पेटीत येतो आणि विकला जातो नगात. पेटीत ४८ नग असतील आणि पोऱ्यानं बिल चढवताना १ लिहिलं तर स्टॉक उणे जातो, मग कोणीतरी अंदाजानं आकडा ठोकून देतो. दुसरं, स्कीमचा माल. १२ वर १ फुकट आला तर १३ नग चढले पाहिजेत आणि किंमत १२ ची तेरांत वाटली गेली पाहिजे, नाहीतर स्टॉकही चुकतो आणि तुम्हाला वाटतं तो माल महाग पडला. तिसरं, एकाच साबणाचे जुन्या एमआरपीचे आणि नव्या एमआरपीचे नग, सप्टेंबरनंतर तर हे सगळीकडेच झालंय, स्कॅनरला बारकोड एकच दिसतो, तिथे बॅच निवडायची सवय मुलांना लावावी लागते.

आणि चौथं जे कोणी बघत नाही ते म्हणजे 'इतर' नावाचं बटण. ज्या मालाला बारकोड नाही, म्हणजे घरगुती पापड, भाजणी, कुरडया, गृहउद्योगाच्या बायकांकडून येणारं दिवाळीचं फराळ, ते सगळं गर्दीत 'इतर' म्हणून बिलात मारलं जातं. महिन्याच्या शेवटी सिस्टीमला वाटतं भाजणी विकलीच गेली नाही आणि 'इतर' मात्र भरपूर विकलं गेलं. तुमच्या दुकानात ह्याच मालावर कमाई बरी असणार आणि तोच यादीत आंधळा झालाय. ८९० नं सुरू होणारा बारकोडचा नंबर काही प्रत्येक वस्तूला लागत नाही, आत वापरायला स्वतःचा छोटा कोड बनवून त्याचं स्टिकर लावा, किंवा गल्ल्याजवळ एक पुठ्ठा लटकवा त्यावर कोड छापून, पोरगा तिथूनच स्कॅन करेल.

मोजणी वर्षातून एकदा करू नका. रोज दुपारी शांत असतं तेव्हा २० वस्तू मोजा, आठशे वस्तू ४० दिवसांत होतात, मग परत पहिल्यापासून.

जीएसटीचं पण सांगून टाकतो कारण ते खरेदीशीच बांधलेलं आहे. जानेवारी २०२२ पासून ज्या खरेदीचं बिल तुमच्या २बी मध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवर दर महिन्याला बनणाऱ्या खरेदीच्या यादीत दिसतं, त्यावर भरलेल्या कराचंच क्रेडिट मिळतं, म्हणजे तेवढी रक्कम पुढच्या करातून वजा होते. २बी महिन्याच्या १४ तारखेला बनतं. म्हणजे स्वस्त वाटून कुणा नवीन पुरवठादाराकडून माल घेतला आणि त्यानं रिटर्नच भरला नाही तर कराचे पैसे तुमच्या खिशातून. मी आमच्या दुकानदारांना सांगतो, नवीन माणसाकडून पहिल्या दोन खरेद्या छोट्या करा, २बी मध्ये आल्या का बघा, मग मोठी ऑर्डर. ज्यांची उलाढाल पाच कोटींच्या वर आहे त्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल लागतं, त्यांच्या बिलावर क्यूआर असतो, बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये अशी बिलं थेट आत ओढता येतात, हातानं चढवायची चूकच राहत नाही. तुमच्यात ती सोय आहे का विचारा. जुन्या १८ टक्क्यांच्या साठ्यावर घेतलेलं क्रेडिट गेलेलं नाही, ते खात्यात आहे, पुढच्या करात वापरा, घाबरून तोट्यात माल काढू नका.

---

औषधदुकान_पलासिया

मी केमिस्ट आहे, आमचा माल दवा बाजारातून येतो. आमच्या लाईनीत कॉम्प्युटर किराण्याच्या आधी आला कारण बॅच नंबर आणि एक्सपायरी हातानं सांभाळणं अशक्य आहे. पण कॉम्प्युटर असूनही आमच्या काउंटरवर आजही एक वही असते, तिला आम्ही शॉर्ट बुक म्हणतो. गिऱ्हाइकानं मागितलं आणि आपल्याकडे नव्हतं, की लगेच त्यात लिहायचं. दादा, तुमच्या प्रश्नाचं मूळ मला इथे दिसतंय.

सिस्टीमला विकलेलं दिसतं, मागितलेलं दिसत नाही.

उदाहरण घ्या मेतकुटाचं. महिन्याच्या ३० दिवसांतले फक्त १० दिवस मेतकूट दुकानात होतं आणि त्यात २० पाकिटं विकली गेली. सॉफ्टवेअर भागाकार करणार २० भागिले ३०, म्हणजे दिवसाला एक सुद्धा नाही, आणि पुढच्या महिन्याची ऑर्डर त्याप्रमाणे कमी सुचवणार. खरी मागणी दिवसाला २ होती. पुढच्या महिन्यात माल अजून लवकर संपणार, सरासरी अजून उतरणार, असं करत करत एक दिवस मेतकूट यादीतून निघून जातं आणि आपण म्हणतो आजकाल लोक मेतकूट खात नाहीत. मी हे एका बाळाच्या सिरपबाबत स्वतः केलंय, चार महिने मला कळलंच नाही, एका आईनं तोंडावर सांगितलं की तुमच्याकडे कधीच नसतं म्हणून आम्ही विचारणं सोडलं. त्या दिवसापासून मी सरासरी काढताना माल असलेले दिवसच धरते.

ऑर्डर कधी टाकायची त्याचं साधं गणित आहे. रोज ६ जातात, माल यायला ३ दिवस लागतात, म्हणजे १८, आणि एक दिवसाचा जादा धरला तर ६ अजून, २४ वर आलं की ऑर्डर. हा आकडा प्रत्येक वस्तूला वेगळा असतो आणि तो वर्षातून एकदा भरून विसरायचा नसतो. अ‍ॅपवाल्यानं ३ दिवसांचं ५ दिवस केलं की तुमचा आकडा बदलला पाहिजे, तो कोणी बदलत नाही.

आपोआप ऑर्डर माझ्याकडे बंद आहे. आपोआप यादी चालू आहे. यादी सकाळी निघते, शेजारी शॉर्ट बुक उघडते, दहा मिनिटं दोन्ही बघते, मग ऑर्डर जाते. ती दहा मिनिटं मी कोणावर सोपवत नाही.

---

बडोदेकर_मांजलपूर

इंदूरकरांनो, मी बडोद्याचा, एका मोठ्या सुपरमार्केट साखळीच्या खरेदी विभागात नऊ वर्षं काढली, आता स्वतःचं काम आहे. ताईंनी जे लिहिलंय ते सोन्यासारखं आहे. मी पलीकडची बाजू सांगतो, म्हणजे ह्या यंत्रणा मुळात कशासाठी बनल्या ते.

अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या अखेरीस वॉलमार्ट आणि प्रॉक्टर अँड गॅम्बल ह्यांनी ठरवलं की दुकानातली विक्रीची माहिती थेट बनवणाऱ्याला द्यायची म्हणजे तो स्वतःच बघून माल पाठवेल. कारण काय होतं बघा. प्रॉक्टर अँड गॅम्बलला पॅम्पर्स लंगोटांच्या बाबतीत दिसलं की बाळं रोज जवळजवळ तितकीच लंगोटं वापरतात, दुकानातली विक्री फारशी हलत नाही, पण वितरकांच्या ऑर्डरी वरखाली उड्या मारतात आणि कंपनी स्वतः कच्च्या मालाच्या ज्या ऑर्डरी देते त्या तर अजूनच. दुकानदार थोडं जास्त मागवतो, वितरक त्यात अजून भर घालतो, कारखाना अजून. चाबकाचा दांडा थोडा हलवला तरी टोक किती फिरतं, तसं, म्हणून इंग्रजीत ह्याला बुलव्हिप म्हणतात. तुमची २० पेट्यांची गोष्ट ह्याच जातीची आहे. दर उतरणार म्हणून सगळ्यांनी खरेदी थांबवली, मग एकदम सगळ्यांनी मागवलं. गिऱ्हाईक मात्र त्या सगळ्या काळात तोच एक साबण वापरत होतं.

मोठ्या दुकानात हे जमतं कारण तिथे विक्रीची माहिती वरपर्यंत जाते. तुमच्या हातातल्या कंपनीच्या अ‍ॅपमध्ये उलटं आहे. कंपनीला तुम्ही काय उचललं ते दिसतं, तुमच्या गल्ल्यावर काय विकलं गेलं ते बहुतेक वेळा दिसत नाही. म्हणून तिथे जी 'तुमच्यासाठी सुचवलेली ऑर्डर' येते ती तुमच्या मागच्या खरेदीवरून आणि तिकडच्या महिनाअखेरच्या टार्गेटवरून आलेली असते, असं मी पलीकडे बसून पाहिलंय. २५ तारखेनंतर स्कीमा कशा फुलतात ते तुम्हालाही दिसत असेल. तुमच्या सॉफ्टवेअरची यादी तुमच्या विक्रीवरून आलेली, कंपनीच्या अ‍ॅपची यादी त्यांच्या गरजेवरून आलेली, ह्या दोन याद्या एक समजू नका. आधी स्वतःची यादी कागदावर पक्की करायची, मग अ‍ॅप उघडायचं. अ‍ॅप आधी उघडलं की हात चळतो.

भावाची तुलना करताना पडता काढा, म्हणजे सगळं धरून माल शेवटी कितीला पडला ते बघा. अ‍ॅपवर २,००० ची पेटी ४० रुपये स्वस्त दिसली, पण पैसे आगाऊ, आणि वितरक १५ दिवसांची उधारी देतो, फुटलेलं बदलून देतो, एक्सपायरी परत घेतो. पेटीत एक ६० रुपयांचं पाकीट फुटकं निघालं आणि अ‍ॅपवाल्यानं परत घेतलं नाही तर ४० ची बचत कुठे गेली.

---

लाईनसेल्समन

भिया मी डिस्ट्रिब्युटरकडे सेल्समन आहे, मोबाईलवरच ऑर्डर काढतो, त्यामुळे अ‍ॅपला नाव ठेवणार नाही. पण एक विनंती करतो सगळ्या दुकानदारांना. फास्ट, म्हणजे पटापट खपणारा माल तुम्ही अ‍ॅपवरून उचलता कारण २ रुपये स्वस्त, आणि एक्सपायरीची पिशवी मात्र माझ्या हातात देता. ती पिशवी कंपनीत क्लेम करायला आमच्या मालकाची खरेदी तेवढी दिसावी लागते. महाराष्ट्रात जानेवारी २०२२ ला वितरकांनी काही मोठ्या कंपन्यांच्या मालाशी असहकार केला होता तो ह्याच भावातल्या फरकावरून, होलसेल अ‍ॅपला एक भाव आणि आम्हाला दुसरा. दुकानदार म्हणून तुमचा फायदा तुम्ही बघणारच, मी पण बघितला असता. फक्त एखादी कंपनी पूर्ण अ‍ॅपवर नेलीत तर तिची एक्सपायरी पण तिकडेच द्या, आणि आमच्याकडे ठेवलीत तर थोडा फास्ट माल आमच्याकडून पण घ्या. आणि माल कमी येणार असेल तेव्हा मी फोन करून सांगतो, अ‍ॅप नुसतं 'उपलब्ध नाही' दाखवतं, कधी येईल ते विचारायला समोर माणूस नसतो.

---

रामबागची_काकू

मला ह्यातलं कॉम्प्युटरचं कळत नाही पण गिऱ्हाईक म्हणून लिहू का. आमच्या इथल्या दुकानात पूर्वी मी सांगायचे, पुढच्या गुरुवारी सोलापूरची शेंगाचटणी आणून ठेवा हो, आणि ती यायची. आता मुलगा स्क्रीन बघतो आणि 'नाही' म्हणतो, मान वरसुद्धा करत नाही. तो 'नाही' कुठेच लिहिला जात नाही हे मला आज ताईंचं वाचून समजलं. दहा मिनिटांत घरी आणून देणारे आता इंदुरात पण आहेत, सून मागवते त्यांच्याकडून, पण गोडा मसाला, आमसुलं, राजगिऱ्याचं पीठ ह्यासाठी मी अजून दुकानातच जाते, आणि मला जायचंच आहे.

आणखी एक, पुढच्या वर्षी, २०२६ ला, अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. जावयाला वाण द्यायला ३३ अनारसे, नाहीतर ३३ बत्तासे. मागचा अधिक २०२३ ला श्रावणात आला होता. तुमचं यंत्र दोन वर्षांपूर्वीचं म्हणजे त्यानं अधिक महिना पाहिलेलाच नाही. मे महिन्यात अनारशाचं पीठ कोणी विचारत नाही असंच ते सांगेल तुम्हाला.

---

सुदामानगर_किराणा

काकू, तुमचं वाचून मी उठून बाबांच्या खोलीत गेलो. २०२३ ची डायरी त्यांनी टाकली नव्हती. १८ जुलै ते १६ ऑगस्टच्या पानांवर सगळं आहे, अनारसे पीठ किती किलो, बत्तासे किती, खसखस कधी संपली, आणि एका पानावर पेन्सिलीनं लिहिलंय 'बत्तासे दोनदा कमी पडले'. म्हणजे ताई म्हणतात ती शॉर्ट बुक आमच्या घरात होतीच, मीच ती बंद केली होती.

आजपासून काय केलं ते सांगतो. आपोआप ऑर्डर बंद, यादी चालू. गल्ल्याशेजारी वही ठेवली, ती बाबा सांभाळणार, संध्याकाळी सहा ते आठ ते तिथे बसतातच. सॉफ्टवेअरवाल्याला फोन केला, त्यानं सांगितलं की तारखेऐवजी सणाप्रमाणे मागच्या वर्षीची विक्री बघायची सोय नाही, पण कोणत्याही दोन तारखांमधला रिपोर्ट निघतो. मग मी आणि बाबांनी बसून पुढच्या वर्षीचे आठवडे मागच्याशी जोडून एक कागद बनवला. गणपती १४ सप्टेंबरला, म्हणून त्याच्या आधीच्या दोन आठवड्यांसाठी यंदाचा १३ ते २६ ऑगस्टचा रिपोर्ट काढायचा. यंदा तिथे जिथे जिथे माल संपला होता तिथे बाबा अंदाजानं आकडा वाढवून देणार. दिवाळी ८ नोव्हेंबरला, तिचं पण तसंच. संक्रांत जिथल्या तिथे, तिथे यंत्राचं बरोबर येतं.

सेल्समन भाऊ, तुमचं पटलं. दोन कंपन्या परत वितरकाकडे घेतोय, पूर्ण.

आज दुपारी पहिल्या २० वस्तू मोजल्या, ११ चुकीच्या निघाल्या. हिशेबनीस काका, एक राहिलं, सुट्ट्या मालाचं काय करू? साखर, पोहे, डाळ आम्ही कट्ट्यातून काढून पाकिटं भरतो, तिथे स्टॉक कधीच जुळत नाही.

---

हिशेबनीस_मल्हारगंज

५० किलोचा कट्टा म्हणजे १ किलोची ५० पाकिटं असं धरलंत का? धरलं असेल तर जुळणारच नाही. सांडलवंड, धूळ, पाकिटात पडणारं चार-पाच ग्रॅम जास्तीचं, हे सगळं छिजेत जातं. एक कट्टा समोर बसून भरून घ्या, किती पाकिटं निघाली आणि खाली किती उरलं ते लिहा, साखरेचं वेगळं, पोह्यांचं वेगळं, डाळीचं वेगळं, तीन-तीन कट्ट्यांचं बघा. सॉफ्टवेअरमध्ये कट्टा फोडल्याची एन्ट्री वेगळी असते, एक कट्टा वजा आणि इतकी पाकिटं जमा, तिथे तुम्ही मोजलेला आकडा टाका. आणि पाकिटाची किंमत त्या आकड्यानं काढा, ५० नं नाही. पोह्यांमध्ये चुरा जास्त निघाला तर त्या व्यापाऱ्याचं नाव शेजारी लिहून ठेवा, पुढच्या वेळी सियागंजला जाल तेव्हा बाबांना बरोबर न्या, गोणीत हात घालून ते बघतील.

---

सुदामानगर_किराणा

बुधवारी नेतो. पोह्यांचे तीन कट्टे आलेत, उद्यापासून मोजायला घेतो आणि आकडे इथेच टाकतो.